हात काढला की निघायचं

विमान धावपट्टीवर सुटतं तेव्हा कॅप्टनचा उजवा हात थ्रस्ट लिव्हरवर असतो. उड्डाण सहवैमानिकाकडे दिलेलं असलं तरी बऱ्याच कंपन्यांत तिथला हात कॅप्टनचाच. वेग वाढवायला नव्हे, वेळ आलीच तर लिव्हर खाडकन मागे ओढायला. मग आधी ठरवलेला वेग गाठला की शेजारून ‘व्ही-वन’ असा पुकारा होतो आणि तो हात उचलला जातो. मागे खिडकीशी आपण पळतं गवत बघत असतो, आणि पुढे ठरून गेलेलं असतं: आता इंजिन बंद पडलं तरी थांबायचं नाही.

व्ही-वन म्हणजे विचार करायला बसण्याचा क्षण, असा एक समज आहे. तो उलटा आहे. थांबायचं असेल तर त्या वेगाला पोचेपर्यंत हालचाल सुरू झालेली हवी. विमान तेव्हा सेकंदाला 75 मीटर कापत असतं. दोन सेकंद घुटमळलात की दीडशे मीटर धावपट्टी मागे गेली.

व्ही-वनचा आकडा दर उड्डाणाआधी नव्यानं काढतात. विमानाचं वजन, वारा, तापमान, धावपट्टीची लांबी, ती ओली की कोरडी, सगळं त्यात येतं. पाऊस पडून गेला असेल तर आकडा सहसा खाली येतो, कारण थांबायला जास्त जागा लागते. उन्हानं हवा विरळ झाली की इंजिनांचा दम कमी पडतो आणि पंखांचा आधारही. सव्वातीन हजार मीटर उंचीवरच्या लेहची विमानं म्हणूनच दुपारचं ऊन-वारं टाळून सकाळीच उरकतात. गणित दोन्ही बाजूंनी जुळावं लागतं: व्ही-वनला ब्रेक लावले तर उरलेल्या जागेत थांबता आलं पाहिजे, आणि त्याच सुमारास एक इंजिन गेलं तर दुसऱ्याच्या जोरावर धावपट्टी संपेपर्यंत 35 फूट उंची गाठता आली पाहिजे.

थांबणं ही यातली सोपी बाजू वाटते. पण 75 टनांचं विमान 145 नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे 270 किलोमीटरवर आहे असं धरा. त्याच्या गतीत साठलेली ऊर्जा वीजबिलाच्या भाषेत 58 युनिट भरते. लहानशा घराला दोन आठवडे पुरेल एवढी. ती वीस-पंचवीस सेकंदांत जिरवायची, आणि बरीचशी चाकांतल्या ब्रेकमध्ये. नव्या जातीच्या विमानाची ही परीक्षा मुद्दाम झिजलेले ब्रेक लावून घेतात. थांबल्यावर ब्रेक लालबुंद झालेले असतात, अग्निशमन दल समोर उभं असतं, पण पाच मिनिटं त्यानं पाणी मारायचं नाही. चाकांतली खास बुचं वितळतात आणि टायर फुटण्याऐवजी फुस्स करून बसतात. 80 नॉटवर हीच ऊर्जा जेमतेम 17-18 युनिट असते. म्हणून 80 किंवा 100 नॉटपर्यंत किरकोळ बिघाडासाठीही थांबतात; त्यापुढे आग, इंजिन बंद पडणं अशा मोजक्याच कारणांसाठी.

पण सगळा डोलारा आकड्यावर उभा. 20 मार्च 2009 च्या रात्री मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एअरबस ए-340 चं वजन 362.9 टन होतं. लॅपटॉपमध्ये पडलं 262.9. कॉकपिटमध्ये चार वैमानिक होते, एकालाही ते खटकलं नाही. इंजिनं जपण्यासाठी पूर्ण जोर सहसा वापरतच नाहीत. इंजिनाच्या संगणकाला बाहेर आहे त्याहून जास्त तापमान सांगायचं, की तो जोर आपणहून कमी करतो. कंपनीच्या परवानगीनं मारलेली थापच ती. इथे ती शंभर टन हलक्या विमानाच्या हिशेबानं मारली गेली. विमान रेंगाळत धावलं, शेपटी जमिनीवर घासली, कॅप्टननं पूर्ण जोर दिला तेव्हा कुठे धावपट्टीच्या पलीकडे ते उचललं, तेही तिथल्या अँटेनाला धडकून. 275 माणसं सुखरूप परतली. व्ही-वनचा पुकारा मात्र रीतसर झाला होता.

आणि आकडा बरोबर असूनही नियम मोडावा लागला तर? 8 मार्च 2017, मिशिगनमधला विलो रन विमानतळ. तिथल्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ एका स्पर्धेसाठी एमडी-83 मधून वॉशिंग्टनला निघाला होता. व्ही-वन मागे गेलं, नाक उचलायची वेळ आली, वैमानिकानं दांडी ओढली. नाक हललं नाही. उभ्या विमानाला सोसाट्याच्या वाऱ्यानं असं झोडपलं होतं की नाक वर-खाली करणारं शेपटीवरचं उजवं एलिव्हेटर खाली अडकून बसलं होतं. या विमानात दांडी थेट एलिव्हेटरला नव्हे, त्यावरच्या छोट्या पट्टीला जोडलेली असते. त्यामुळे निघण्यापूर्वीच्या तपासणीत हाताला काहीच वावगं लागलं नाही.

वैमानिकानं ब्रेक लावले. शेजारी त्याला या विमानाचं शिक्षण देणारा परीक्षक कॅप्टन होता. व्ही-वननंतर असं थांबायचं नसतं, असं तो बोलला, पण दांडीला किंवा लिव्हरला त्यानं हात लावला नाही. मला यातलं सर्वांत अवघड काम हेच वाटतं. जन्मभर शिकवलेला नियम समोर मोडला जात असताना हात मांडीवर ठेवायचे! त्यानं विमान उडवायचा हट्ट धरला असता तर न उडणारं विमान आणखी वेगानं टोकाला पोचलं असतं.

विमान धावपट्टी सोडून कुंपण तोडत, एक रस्ता ओलांडून थांबलं. टोकापुढची सुरक्षित मोकळी जागा काही वर्षांपूर्वीच वाढवून सुमारे 300 मीटर केलेली होती, ती कामाला आली. 116 जण बाहेर पडले, एकाला किरकोळ दुखापत. संघाचे सामन्याचे कपडे विमानातच राहिले. दुसऱ्या दिवशी पोरं सरावाच्या जर्सीत वॉशिंग्टनच्या मैदानावर उतरली, आणि चार दिवसांत ती स्पर्धा जिंकून घरी गेली.