पद्मिनीच्या खोडी

प्रीमियर पद्मिनी ही काही गुणी गाडी नव्हती. थंडीत चोक ओढल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल शिरली की सेल्फ नुसताच घरघरायचा, आणि मे महिन्यात घाट चढताना बॉनेटमधून वाफ निघाली की मागच्या सीटवरची मंडळी पाण्याच्या बाटल्या पुढे करायची. तरीही गाडीची निगा म्हणजे काय हे आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना शिकवलं ते तिनेच. खरं म्हणजे शिकणं तिने भागच पाडलं.

ती कुर्ल्याची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून ‘फियाट 1100 डिलाइट’ बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. लोक शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, ताकद 40 अश्वशक्तीच्या आसपास, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. नवं शतक उजाडता उजाडता उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली आणि टॅक्सीसाठीची 20 वर्षांची मुदत संपताच, 2023 च्या ऑक्टोबरअखेर, काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तेव्हा बरेच हळवे लेख आले. त्यांतल्या फार थोड्यांनी तिचं बॉनेट उघडून पाहिलं असावं.

बॉनेटखाली हात घालायला ऐसपैस जागा होती, आणि हात घालायची वेळही वारंवार यायची. गाडी ‘मिसिंग’ करायला लागली की पहिला संशय प्लग-पॉइंटवर. डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा सोडल्या की काळी कॅप हातात येते. आत रोटर, त्याच्याखाली पॉइंट, म्हणजे एकमेकींवर टेकणाऱ्या धातूच्या दोन बारीक टिकल्या. इंजिन फिरताना त्यांची उघडझाप होते, आणि त्या उघडल्या रे उघडल्या की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. मिनिटाला हजारो वेळा असं झाल्यावर टिकल्या जळून खडबडीत होणारच. मग पॉलिश पेपरचा तुकडा त्यांच्यामध्ये धरून घासायचा, फडक्याने पुसायचं आणि फट पुन्हा लावायची, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी. फीलर गेज नसेल तर खिशातलं व्हिजिटिंग कार्ड. गाडी सुरू व्हायची, आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्या पोराला ठिणगी कुठून येते ते कळलेलं असायचं.

घाटातला दुसरा धडा ओल्या फडक्याचा. पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असे. चढावर इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची. पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. गाडी मध्येच बंद. अनुभवी ड्रायव्हर घाबरायचा नाही, फडकं भिजवून पंपावर टाकायचा आणि बिडी पेटवायचा. (पेट्रोलच्या पंपाजवळ बिडी, तेव्हाचं धैर्य वेगळंच होतं.)

आता इंजेक्शनच्या गाड्या आल्या. चोक गेला, कार्ब्युरेटर गेला, पॉइंट गेले, आणि हे फार बरं झालं. रात्री पावसात गाडी ढकलण्यात काहीही काव्य नव्हतं. पण खोडी गेल्या तशी बॉनेट उघडायची सवयही गेली, आणि तिथे घोटाळा झाला. कारण थोडीशी कामं मालकाकडेच राहिली आहेत, आणि नवी गाडी ती न केल्याबद्दल लगेच कुरकुर करत नाही. ती निमूट सोसते आणि मग एकदमच मोठं बिल काढते.

गाडी बंद पडून टोइंगने गॅरेजला आली की मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘साहेब, ऑइलची पट्टी शेवटची कधी बघितली होती?’’ उत्तर बहुधा शांतता. ही डिपस्टिक पद्मिनीत होती, आजच्या बहुतेक गाड्यांतही आहे. गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, पट्टी ओढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही वाईट, कारण मग क्रँक त्यात घुसळतो आणि फेस होतो. ऑइल काळं दिसलं म्हणून लगेच बदलायची गरज नसते. त्यातली रसायनं काजळी धरून ठेवतात, म्हणूनच ते काळं पडतं, आणि डिझेल गाडीत तर फारच लवकर. घाबरायचं ते दुधाळ, कॉफीसारख्या रंगाला. ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, बहुधा हेड गॅस्केट गेलंय. अशी गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नये.

‘‘माझी गाडी वर्षात तीन हजारसुद्धा चालत नाही, मग ऑइल कशाला बदलू?’’ हा पुण्यात हमखास ऐकू येणारा प्रश्न. पुस्तिकेत दोन आकडे असतात, बऱ्याच पेट्रोल गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, आणि जे आधी येईल ते धरायचं. मंडई ते घर एवढंच चालणारं इंजिन नीट तापतच नाही. ऑइलमध्ये उतरलेली ओल आणि पेट्रोल उडून जायला वेळ मिळत नाही. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल त्यामुळेच खराब होतं. तिची बॅटरीही तशीच उतरते, कारण दोन किलोमीटरच्या फेरीत सेल्फने खाल्लेलं भरून निघत नाही.

पाण्याचा विषय पद्मिनीच्या मालकांना पाठ होता, फक्त त्यातली एक सवय आता मोडायला हवी. ते नळाचं पाणी ओतायचे. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि आतून गंज धरतो, म्हणून कूलंटच, पुस्तिकेत सांगितलेलं. मात्र एक नियम तेव्हाचा तसाच लागू आहे: तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. अर्धा तास थांबावं. उन्हाळ्यात गाडीखाली पडणारे स्वच्छ पाण्याचे थेंब मात्र बहुतेक वेळा एसीचे असतात. त्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही. रंगीत, चिकट थेंब असतील तर गाठावं.

हवेचा आकडा टायरवर शोधू नका. तिथे लिहिलेला असतो तो कमाल दाब. आपला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो, आणि तो गार टायरचा. लांबून आल्या आल्या मोजलं तर जास्तच दिसणार. स्टेपनीतही भरून घ्यावी. ती नेमकी पंक्चरच्या रात्री आठवते. डॅशबोर्डवरचा दिवा पिवळा असेल तर या आठवड्यात दाखवा, ऑइलचा किंवा तापमानाचा लाल लागला तर बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करा. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ एवढ्यात इंजिन जाम झाल्याची उदाहरणं प्रत्येक मिस्त्रीकडे आहेत.

हौशी मालकांच्या पद्मिनी अजून आहेत. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग हुडकून ते त्या चालवतात. त्यांच्यापुढे आता एक नवीच खोडी आहे. पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, आणि साठच्या दशकातल्या आराखड्याचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटं त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साठू शकतं. जाणते मालक आता इथेनॉल सोसणारे पाइप बसवून घेतात, फिल्टर वरचेवर बदलतात आणि दर रविवारी गाडी नीट तापेपर्यंत फिरवून आणतात.