देशपांडे : नांव एक, माहेरें अनेक

न्हावा शेवा येथें बंदरावर नोकरीस असलेल्या आमच्या कन्येचा विवाह नुकताच एका देशपांडे घराण्यांत ठरला. "आप्पा, लग्नानंतर मी आडनांव बदलूं कीं आपलेंच ठेवूं?" असें तिनें विचारलें, तेव्हां "हा काय प्रश्न झाला!" म्हणून आम्हीं तिला गप्प केलें. पुढें मात्र त्या आडनांवाचा विचार आमच्या मनांतून जाईना.

देशपांडे हें मूळचें हुद्द्याचें नांव. गांवचा जमाखर्च लिहिणारा तो कुलकर्णी, परगण्याचा लिहिणारा तो देशपांडे. अर्थात् हें नांव लावणारे सर्व एका कुळांतले नव्हेत. आकाशवाणी व दूरदर्शन येथें काम केलेले विनोदी लेखक पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) मुंबईंत जन्मलेले सारस्वत. कवि अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे (१९०१–१९८२), वऱ्हाडांतले.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट स्त्रियांची आहे. आकाशवाणीवर काम केलेल्या कुसुमावतीबाई माहेरच्या जयवंत. त्यांचे पति अनिल १९५८ सालीं मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९६१ सालीं ग्वाल्हेरीस तें पद कुसुमावतीबाईंस मिळालें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. 'आहे मनोहर तरी' लिहिणाऱ्या सुनीताबाई माहेरच्या ठाकूर. कथालेखिका गौरीबाई इरावती कर्वे यांच्या कन्या, तर इंग्रजी कादंबरीकार शशीबाई कानडी नाटककार श्रीरंग यांच्या कन्या. चौघींनीं देशपांडे या नांवास कीर्ति आणिली, आणि चौघीही दुसऱ्या घरांतून आलेल्या!

आम्हीं हजेरीपटांत पुष्कळ मुलींचीं नांवें लिहिलीं. त्यांतल्या एकीचा लेख पुढें मासिकांत वाचून आम्हीं मनापासून वाखाणला. पण ती आमचीच विद्यार्थिनी, हें कित्येक वर्षांनीं कळलें. नांव बदललें होतें. शाबासकी द्यावयाची ती राहूनच गेली.

१९८९ सालीं सुरू झालेल्या येथील बंदरास सरकारी नांव जवाहरलाल नेहरूंचें आहे. लोकांच्या तोंडीं मात्र न्हावा आणि शेवा हीं दोन गांवेंच राहिलीं. आडनांव बदलण्याची कायद्यानेंही सक्ती नाहीं. म्हणून परवां आम्हीं कन्येस सांगितलें, "नांव तुझें, तूंच ठरव. पण उद्यां कांहीं लिहिलेंस, तर माहेरचें नांव एका ओळींत तरी असूं दे. तुझ्या जुन्या मास्तरांस ओळख पटेल."