मुक्कामी न पोहोचलेली हॅरिएट

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात मेरिमॅक नदीच्या उत्तर तीरावर हेव्हरिल आणि दक्षिण तीरावर ब्रॅडफर्ड अशी दोन गावे समोरासमोर वसलेली होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेव्हरिलच्या ॲटवूड घराण्यातील हॅरिएट नावाची एक मुलगी नदीपलीकडच्या ब्रॅडफर्ड अकॅडमीत शिकत होती. प्रकृतीने नाजूक, स्वभावाने भिडस्त, वाचनाची अनावर आवड आणि रोजनिशी लिहिण्याची लहानपणापासूनची सवय, एवढेच तिचे वर्णन करता येईल. ती पंधरा वर्षांची होण्यापूर्वीच वडील वारले आणि नऊ भावंडांचा संसार विधवा आईच्या पदरी पडला. अशा घरातील मुलीच्या नशिबी त्या काळी फार तर शेजारच्या गावातील एखाद्या पाद्र्याचा संसार यावा. परंतु वयाच्या अठराव्या वर्षी ती हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या जहाजावर चढली, आणि चर्चच्या कार्यासाठी अमेरिकेच्या किनाऱ्यावरून परदेशी निघालेल्या पहिल्यावहिल्या तुकडीत तिचे नाव लागले.

आज एखाद्या अमेरिकन चर्चमधील मुलेमुली उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस मेक्सिकोत किंवा ग्वाटेमालात जाऊन शाळेच्या भिंती रंगवून येतात, तेव्हा त्यांच्या खिशात परतीचे तिकीट असते. १८१२ सालच्या तरुणांना परतीची कल्पनाच नव्हती. जायचे ते मरेपर्यंत राहण्यासाठी, आणि आईला पाठवलेल्या पत्राचे उत्तर यायला वर्ष लागले तरी ते दैवाने लवकर आले असे मानायचे. या साहसाचे मूळ असे सांगतात की, १८०६ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्सटाउन येथील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी माळावर प्रार्थनेसाठी जमले असता वादळी पाऊस आला, त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला, आणि वीज कडाडत असता आपल्या देशाबाहेर धर्मप्रसारासाठी गेले पाहिजे असा निश्चय तेथे केला. पुढे अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १८१० साली वडीलधाऱ्या धर्मगुरूंपुढे रीतसर अर्ज ठेवला आणि त्यातून ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था उभी राहिली. हा अर्ज वाचला गेला तो ब्रॅडफर्डच्याच सभेत. अर्जदारांपैकी सॅम्युएल न्यूवेल नावाच्या तरुणाने हॅरिएटला मागणी घातली, आणि तिची थोरली मैत्रीण ॲन हॅसेल्टाइन हिला ॲडोनायरम जडसन याने. हॅरिएटच्या आईने मोडता घातला नाही. निर्णय मुलीच्या सदसद्विवेकावर सोपवला. मुलीला नदीपलीकडच्या गावी देतानासुद्धा ज्या आईचे डोळे पाणावले असते, तिने हे कसे सोसले असेल याची कल्पना आपल्याकडच्या आयांना करून देण्याची गरज नाही.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम बंदरातील टॅबर्नॅकल चर्चमध्ये जडसन, न्यूवेल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस या पाच जणांना दीक्षा मिळाली, तीनच दिवसांनी हॅरिएट आणि न्यूवेल यांचा विवाह झाला, आणि १९ तारखेला ‘कॅराव्हॅन’ नावाचे दोन डोलकाठ्यांचे जहाज न्यूवेल आणि जडसन या दोन्ही नवपरिणीत जोडप्यांना घेऊन कलकत्त्याकडे निघाले. उरलेले तिघे आणि नॉटची पत्नी फिलाडेल्फियाहून दुसऱ्या जहाजाने येणार होते. सेलम हे त्या वेळी सुमात्राच्या मिऱ्यांवर गबर झालेले बंदर. मिरी आणि कापड यांच्या व्यापाराची जी वाट खलाशांनी पाडून ठेवली होती, तिच्यावरूनच धर्मोपदेशकही निघाले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जहाजावरील जवळजवळ चार महिन्यांचा प्रवास कसा झाला हे या मुलींच्या लेखनावरून चांगले कळते. प्रारंभी सर्वांनाच बोट लागली. पोटात अन्न ठरेना. पुढे समुद्र शांत झाला तरी अंगातला आळस जाईना, तेव्हा व्यायामावाचून ही व्याधी हटणार नाही असे ठरले. पण त्या अरुंद फळ्यांवर, पिंजऱ्यांतील कोंबड्या आणि दोरखंडांची वेटोळी यांच्यामधून फिरायला जागा ती किती! म्हणून त्यांनी दोरीवरच्या उड्या मारायला सुरुवात केली, आणि तोही उपाय अपुरा वाटू लागला तेव्हा चक्क नाच आरंभिला. ज्या कडक प्युरिटन वळणात ही मंडळी वाढली त्यात नृत्याकडे पापाची पहिली पायरी म्हणून पाहत. आणि येथे जगाच्या उद्धारासाठी निघालेले धर्मोपदेशक आपल्या बायकांसह भर महासागरात, प्रकृतीस्तव का होईना, नाचत होते. कोवळ्या वयाच्या या माणसांना धर्मग्रंथांच्या जाड पुठ्ठ्यांतून बाहेर काढून आपल्यासमोर हसतीखेळती उभी करणारा असा दुसरा प्रसंग मला त्यांच्या सगळ्या चरित्रांत आढळलेला नाही.

१७ जून रोजी जहाज कलकत्त्यास लागले. तेथे कंपनी सरकारचा अंमल, आणि कंपनीला मिशनऱ्यांचे वावडे. १८०६ च्या वेलोरच्या बंडानंतर देशी लोकांच्या धर्मात ढवळाढवळ झाल्यास फौज आणि व्यापार दोन्ही हातचे जातील अशी धास्ती साहेबांनी घेतली होती. त्यातच नेमक्या त्याच महिन्यात अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले. ते वर्तमान समुद्र ओलांडून यायला अवकाश होता, पण आल्यावर या पाहुण्यांची बाजू अधिकच लंगडी होणार होती. कचेरीत जाबजबाब झाले आणि हुकूम सुटला की, आल्या जहाजानेच परत फिरावे. परवान्यासाठी हेलपाटे घालीत असता हॅरिएटचे दिवस कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे मिशनरी विल्यम कॅरीच्या वसाहतीत गेले, आणि ते तिला सुखाचे वाटले. मराठी वाचकाला या जागेचे अगत्य वाटायला निराळे कारण आहे: कॅरीने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने तयार केलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी टंकांतला कोश १८१० मध्ये याच श्रीरामपुरात छापला गेला होता. हॅरिएट येण्याआधी तीनच महिने तेथील छापखान्याला मोठी आग लागून कागद, हस्तलिखिते आणि टंक यांची राखरांगोळी झाली होती, आणि ती मंडळी वितळलेल्या शिशातून पुन्हा अक्षरे ओतण्याच्या उद्योगात गढली होती.

अखेर फ्रान्स बेट, म्हणजे आजचे मॉरिशस, येथे जाण्यास परवानगी मिळाली. परंतु निघालेल्या जहाजावर जागा दोघांपुरतीच होती. हॅरिएट गरोदर, म्हणून ती दोघे पुढे गेली आणि जडसन पतिपत्नी मागे राहिली. ४ ऑगस्टला निघालेले ते जहाज प्रतिकूल वाऱ्यांनी बंगालच्या उपसागरात आठवडेच्या आठवडे भरकटले, गळू लागले, दुरुस्तीसाठी कोरिंगा बंदरात शिरले. तेथून पुन्हा सुटल्यावर ऑक्टोबरमध्ये खुल्या समुद्रात हॅरिएटने मुलीला जन्म दिला. जवळ सुईण नाही, वैद्य नाही. केवळ भांबावलेला नवरा. वादळी पावसाचा गारठा त्या अपुऱ्या दिवसांच्या जिवाला सोसला नाही, आणि जन्मून आठवडा होण्यापूर्वीच मूल समुद्राच्या स्वाधीन करावे लागले. आईच्या छातीत क्षयाने आधीच घर केले होते. पोर्ट लुई येथे उतरल्यावर ती महिनाभर जगली आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी, एकोणीस वर्षांची असताना, वारली. न्यूवेलने तिच्या आईला लिहिलेले पत्र, एका मुलाने आपल्या सासूला लिहिलेले पत्र म्हणून वाचावे. त्यात उपदेशक फार थोडा आहे.

ज्या देशासाठी ती घराबाहेर पडली त्या देशात तिला उणेपुरे दोन महिने मिळाले. एका मुलीला तिने अक्षर शिकवले नाही, एका माणसाशी त्याच्या भाषेत ती बोलली नाही. हिशेबाच्या वहीत ही मोहीम तोट्याचीच मांडावी लागेल. पण तिची पत्रे आणि रोजनिशी आईकडे पोहोचली होती. लेनर्ड वुड्स या धर्मशास्त्राच्या अध्यापकाने त्यांतून वेचून, आपले मृत्युनिमित्तचे प्रवचन जोडून १८१४ साली बॉस्टनला पुस्तक काढले, आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. आईबाप मुलींची नावे ‘हॅरिएट न्यूवेल’ ठेवू लागले. तशाच एका हॅरिएट न्यूवेल नॉइस नामक बाईने पुढे चीनमध्ये कॅन्टन येथे १८७२ मध्ये मुलींची शाळा काढली. अशा प्रवासाचा मोठा परिणाम पोहोचणाऱ्या गावापेक्षा निघालेल्या गावावर होतो, असे मला वाटते ते या पुस्तकामुळे. हेव्हरिलच्या स्वयंपाकघरातून हिंदुस्थान दिसू लागला. अर्थात तो एका मरणोन्मुख मुलीच्या खिडकीतून दिसलेला हिंदुस्थान होता, आणि ती खिडकी अरुंद होती. जे लोक तिने डोळाभर पाहिलेही नव्हते त्यांना अंधारात चाचपडणारे समजून अश्रू ढाळणाऱ्या भाविकांची एक सबंध पिढी या पुस्तकाने घडवली, हाही दोष तिच्या लौकिकाच्या खाती मांडला पाहिजे.

हाच दोष दीडशे वर्षांनी इव्हान इलिच याने, स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू असून, उघडपणे दाखवला. १९६८ च्या एप्रिलमध्ये सुट्टीत सेवा करण्यासाठी मेक्सिकोत येणाऱ्या उत्तर अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सभेपुढे तो बोलला, आणि त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता की बघायला या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका. ज्यांच्याशी तुम्हांला बोलताही येत नाही त्यांचे भले तुम्ही काय करणार? बोल कठोर आहेत, पण त्यांतला भाषेचा मुद्दा बिनतोड आहे, आणि त्याचा पडताळा हॅरिएटच्याच सोबत्यांच्या हकिकतीत मिळतो.

हॉल आणि नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस येऊन पोहोचले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हा मनाने त्यांना अनुकूल, परंतु त्यांना विलायतेस रवाना करावे असे कलकत्त्याचे फर्मान त्याच्या दप्तरी येऊन पडले होते. दोघे गुपचूप कोचीनला निसटले. पकडून परत आणले गेले. मग त्यांनी गव्हर्नरास लांबलचक विनंतीअर्ज लिहिला. अंमलबजावणी रेंगाळत राहिली, आणि तेवढ्यात पार्लमेंटने कंपनीला दिलेल्या १८१३ च्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना दार उघडे झाले. सरकारी दिरंगाईने कोणाचे कल्याण झाल्याचा हा विरळा दाखला म्हणावा लागेल. विधुर न्यूवेल सिंहलद्वीपाहून १८१४ मध्ये त्यांना येऊन मिळाला.

हे तिघे मराठी शिकायला बसले. बाजारात, देवळांच्या आसपास, तळ्यांच्या काठी उभे राहून तोडक्यामोडक्या वाक्यांनी आरंभ करायचा, ऐकणाऱ्यांनी हसायचे, वाद घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये सुधारून पुन्हा यायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. धर्मांतराच्या दृष्टीने फळ जवळजवळ शून्य. पण १८१७ मध्ये त्यांच्या छापखान्यातून मराठी मजकूर निघू लागला. त्याच छापखान्यात पुढे टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे सुबक टंक पाडले आणि पुढे मुद्रक म्हणून नावारूपाला आलेल्या जावजी दादाजींसारखा माणूस तेथे ते काम शिकला. १८२४ मध्ये मुंबईत मिशनची मुलींची शाळा निघाली. हॉल आणि न्यूवेल यांनी १८१८ मध्ये एक पुस्तिका लिहिली, तिच्यात साठ कोटी अख्रिस्ती लोकांमागे वीस हजारांस एक याप्रमाणे तीस हजार मिशनरी लागतील असा हिशेब मांडलेला आहे. माणसांच्या अंतःकरणाची अशी किराणा दुकानातली आकडेमोड वाचून हसू येते. पण हा हिशेब ज्यांनी मांडला ते मुंबईत मूठभरच होते, आणि ती मूठही रिकामी होत चालली होती. न्यूवेल १८२१ मध्ये पटकीने गेला.

१८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिकला गेला तेव्हा तेथे पटकीने थैमान घातले होते. बरोबरची औषधे त्याने बहुतेक वाटून टाकली आणि तो परत निघाला. वाटेत दोडी धापूर नावाच्या गावी रात्री मुक्कामाला तो देवळाच्या ओसरीवर उतरला, तेथेच त्याला व्याधीने गाठले, आणि काही तासांतच, २० मार्च रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी तो निवर्तला. सोबत मिशनच्या शाळेतले दोन पोरगे होते. त्या दोघांनी त्याला मूठमाती दिली आणि ते मुंबईची वाट चालू लागले.

पुढच्याच वर्षी सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईस आली. तीसहून अधिक वर्षे मराठी मुलींना शिकवून १८६२ मध्ये तिने अहमदनगरास देह ठेवला. नगरची तिची शाळा जोतीराव फुल्यांनी जाऊन पाहिली होती. सॅम्युएल नॉट प्रकृती ढासळल्याने १८१५ मध्येच मायदेशी परतला होता. सेलमच्या त्या थंडीतल्या दीक्षाविधीला उभ्या असलेल्या पाच जणांपैकी तोच शेवटी उरला, आणि १८६९ मध्ये, ऐंशी वर्षांचा होऊन, वारला.