संगणक मध्येच गोठतो तेव्हा



विहिरीवरची मोटार पाणी उचलेनाशी झाली, तर आपण काही लगेच नवी मोटार आणायला तळेगावला धावत नाही. आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर बघतो, मग फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला आहे का ते बघतो. एकेक करीत दोष हाती लागतो. पण टेबलावरचा संगणक मध्येच थांबला, की ही सारी अक्कल कुठे जाते कोण जाणे! कुणी म्हणतो डबाच खराब, कुणी म्हणतो प्रणालीच आपल्या कामाची नाही, आणि कुणीतरी पुढे होऊन सरळ वायर उपटतो.

हा प्रकार पवन मावळातल्या एका लहानशा कार्यालयात आम्ही प्रत्यक्ष पाहिला. दुपारी संगणक गोठला, वायर उपटली गेली आणि त्या दिवसाच्या ऊसनोंदी बिघडल्या. दूरच्या वाडीवरून आलेल्या सभासदांना पुन्हा बोलवावे लागले, त्यांचा दिवस मोडला. आज ऊसाची नोंद, तोडणीची पाळी, पीककर्जाचे खाते हे सारे संगणकावर आहे. केंद्र सरकारने २०२२ साली देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तेव्हा हा विषय आता केवळ कारकुनाचा राहिलेला नाही, तो आपल्या घामाच्या पैशाचा आहे.

त्या संगणकावर लिनक्स होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जुना संगणक फेकण्यापेक्षा त्यावर लिनक्स घालावे असे पुष्कळांनी ठरवले. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. ती फुकट मिळते म्हणून लेचीपेची समजू नये. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक २०२० साली याच यादीत ६३ व्या क्रमांकावर आला होता. पण प्रणाली कितीही चांगली असली तरी खालचा डबा जुना असतो, हे विसरून चालत नाही. बैल चांगला, पण गाडीचा आस झिजलेला, तशी गत होते.

आता गोठला म्हणजे काय करायचे? पहिली गोष्ट, दोन मिनिटे थांबायचे. मग कीबोर्डावरचे कॅप्स-लॉक दाबून बघायचे. दिवा लागतो-विझतो आहे, तर आतला कारभार बहुधा जिवंत आहे, फक्त पडदा अडला आहे. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकदम दाबले, की साधा काळा पडदा येतो. तिथे नाव आणि परवलीचा शब्द देऊन ‘टॉप’ ही आज्ञा दिली, की कोणता प्रोग्राम संगणक खाऊन बसला आहे ते दिसते. तेवढाच बंद करावा.

काळा पडदाही आला नाही, तरी वायरला हात लावू नये. आल्ट आणि प्रिंट-स्क्रीन दाबून धरायचे, आणि चार-चार सेकंदांनी एस, यू, बी ही अक्षरे क्रमाने दाबायची. एसने वाटेत अडकलेले लिखाण डिस्कवर उतरते, यूने डिस्क पुढच्या लिखाणाला बंद होते, बीने संगणक नव्याने सुरू होतो. जतन न केलेली नोंद याने परत येत नाही, पण आधीची वही फाटण्यापासून वाचते. काही संगणकांत ही सोय अगोदर चालू करून घ्यावी लागते, ती जाणकाराकडून करून घ्यावी. यानेही काही झाले नाही तर शेवटचा उपाय म्हणून डब्याचे बटण दाबून धरावे.

दुसरी गोष्ट म्हणजे संगणकाची स्वतःची नोंदवही वाचायची. लिनक्स काय काय घडले ते लिहून ठेवते. ‘जर्नल-सीटीएल’ या आज्ञेला मागच्या वेळची वही दाखव म्हटले, की गोठण्याआधीच्या शेवटच्या ओळी समोर येतात. तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर रॅम अपुरी पडते आहे. रॅम वाढवावी, किंवा डिस्कवर ‘स्वॅप’ नावाची राखीव जागा करून घ्यावी. ‘आय-ओ एरर’ असेल तर हार्डडिस्क किंवा तिची केबल संशयित, आणि सर्वांत आधी नोंदींची दुसरी प्रत काढावी. ‘जीपीयू हँग’ असेल तर चित्र दाखवणाऱ्या भागाचे दुखणे आहे. नवी आवृत्ती घातल्यावरच त्रास सुरू झाला असेल, तर सुरू होतानाच्या यादीतून जुनी कर्नल निवडून बघावी. आणि वही काहीच न बोलता मध्येच तुटली असेल, तर रॅम, उष्णता आणि वीज या तिघांकडे आधी बघावे.

रॅम तपासायला ‘मेमटेस्ट’ रात्रभर चालवतात. त्यात एक चूक निघाली तरी ती गंभीर समजावी. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथल्या दमट हवेत रॅमच्या पट्टीच्या दातांवर मळ धरतो. वायर काढून, पट्टी उतरवून खोडरबराने हलकी पुसून परत बसवली, तर कधी कधी एवढ्यानेच काम होते. उष्णतेसाठी पंखा फिरतो का आणि जाळीत धूळ बसली आहे का, ते बघावे.

गोठतो केव्हा, हेही विचारावे. काम जोरात असताना गोठला तर उष्णता किंवा वीज. रिकामा बसला असता गोठला तर वेगळे कारण असू शकते. इंटेलने २०१३ साली आणलेल्या बे ट्रेल जातीच्या स्वस्त प्रोसेसरांवर लिनक्स असेच गोठत असे. वीज वाचवायला प्रोसेसर गाढ झोपी जाई आणि नीट जागाच होत नसे. गाढ झोप बंद करणारी एक ओळ सुरुवातीच्या आज्ञेत घातली, की गोठणे थांबे. वीज थोडी जास्त लागे, एवढेच.

आता आमच्या कार्यालयाचे काय झाले ते सांगतो. नोंदवही मुकी होती, मेमटेस्ट रात्रभर निर्दोष चालली, पंखाही ठीक होता. नव्या संगणकाचा ठराव जवळजवळ झालाच होता. तेव्हा एकाने सुचवले, की पंधरा दिवस एक साधी वही ठेवू. गोठला की तारीख, वेळ, काय काम चालू होते, सारे लिहायचे. पंधरा दिवसांनी वही उघडली तर गोष्ट उघड होती. शेतीपंपांची लाईट ज्या दिवशी दिवसा, त्याच दिवशी संगणक गोठत होता! कार्यालयाची लाईन पंपांच्याच डीपीवरची. सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की दाब उतरायचा. वायरमनने मीटर लावला तर १७० व्होल्ट! डबा उघडला तर वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधले दोन कपॅसिटर फुगलेले. धडका एसएमपीएस हा धक्का सोसतो, हा सोसत नव्हता. आणि मेमटेस्ट रात्री का पास झाली, तेही कळले. त्या रात्री पंप बंद होते, दाब पुरा होता.

एसएमपीएस बदलला, स्टॅबिलायझर आणि यूपीएस बसवला. नव्या संगणकाच्या मानाने खर्च किरकोळ. त्यानंतर संगणक गोठलेला नाही, आणि लिनक्सही तेच आहे.

एक पथ्य मात्र सांभाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. युरिया, पाणी आणि फवारणी एकाच दिवशी दिली तर गुण कशाने आला ते कळत नाही, तसेच हे. आणि कामकाज संपताना नोंदींची प्रत रोज दुसरीकडे ठेवावी, कारण डबा विकत मिळतो, गेलेली नोंद मिळत नाही.

असो. आपल्या सोसायटीत, गट ऑफिसात किंवा घरी पोराबाळांच्या टेबलावर संगणक अडला, तर वायरीला हात घालण्याआधी वही हातात घ्यावी, ही विनंती.