हजेरीचे यंत्र आणि सुटीची सही

2003 साली राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' या संस्थेने आपल्या काही एकशिक्षकी शाळांना कॅमेरे दिले. शाळा भरताना आणि सुटताना एखाद्या विद्यार्थ्याने गुरुजींचा मुलांसोबत फोटो काढायचा. फोटोवर तारीख-वेळ उमटे आणि तिच्यात फेरफार करता येत नसे. दोन फोटोंमध्ये किमान पाच तासांचे अंतर असेल आणि पुरेशी मुले दिसत असतील, तरच तो दिवस भरला. पगार त्या दिवसांवर ठरे: महिन्याला कमीत कमी 500 रुपये, जास्तीत जास्त 1300. कॅमेरा कोणत्या शाळांना द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, त्यामुळे तुलना चोख झाली. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांना आढळले, की कॅमेरा नसलेल्या शाळांत गैरहजेरी 42 टक्के होती, असलेल्या शाळांत 21. मुलांचे गुणही वाढले.

मग हाच विचार त्याच जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य उपकेंद्रांत नेला. नर्सबाईंनी दिवसातून ठरावीक वेळी यंत्राने रजिस्टरवर तारीख-वेळेचा शिक्का मारायचा, खाडे जास्त झाले तर पगार कापायचा. पहिले काही महिने हजेरी झपाट्याने सुधारली. पुढे रजिस्टरात 'सूट' दिलेले दिवस वाढत गेले. लसीकरण, मीटिंग, फिरतीचे काम ही कारणे खोटी नसतात. नर्सबाईंना गावोगाव फिरावेच लागते. पण सूट मंजूर करणारे स्थानिक आरोग्य प्रशासन होते, आणि ते नर्सबाई मागतील तशी सूट देत गेले. अठरा महिन्यांत योजना पूर्ण निष्प्रभ झाली. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि रेचेल ग्लेनरस्टर यांनी हे नोंदवले आहे. माझ्या मते पहिल्या प्रयोगाइतकाच हा दुसराही महत्त्वाचा, कारण सरकारी नोकरीचे खरे दुखणे तो दाखवतो.

गैरहजेरी उदयपूरपुरती नव्हती. त्याच सुमारास देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन झालेल्या पाहणीत महाराष्ट्रात सुमारे 15 टक्के शिक्षक गैरहजर आढळले, झारखंडमध्ये 42. नुकतीच तपासणी झालेल्या आणि पक्क्या रस्त्याजवळच्या शाळांत शिक्षक जास्त सापडले.

तुमच्या गावच्या उपकेंद्रात बायोमेट्रिक मशीन बसेल तेव्हा ग्रामसभेत एवढे विचाराच: सूट कोण मंजूर करते, आणि ती यादी गावाला दर महिन्याला दाखवणार का?