नोंदवह्यांची सांगड

या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी छापली आहे. ती सिद्ध करण्याचे काम माझ्याकडे होते. पहिला खर्डा तयार झाल्यावर मी तो वसतिगृहाच्या निवृत्त अधीक्षक सरांना दाखवला. त्यांनी दोन-तीन पाने शांतपणे वाचली आणि विचारले, "सातवीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुले यात कुठे आहेत?" ती नव्हती. मी कोणाचेही नाव हेतुपुरस्सर वगळले नव्हते. संगणकानेही काही चुकल्याचे दाखवले नव्हते. दोष संगणकाला दिलेल्या आज्ञेतील एका शब्दात होता. तो काय होता, हे सांगण्यासाठी हा लेख.

शाळेची माहिती एका वहीत कधीच नसते. जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख आणि प्रवेशाचा दिनांक असतो. वसतिगृहाची वही निराळी, शिष्यवृत्तीची निराळी, आणि माजी विद्यार्थी मंडळाची पत्त्यांची वही त्याहून निराळी. असे विभागून ठेवण्यात शहाणपणच आहे. एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहिली, तर दुरुस्तीच्या वेळी एखादे ठिकाण हटकून राहून जाते. आयबीएम कंपनीत संशोधन करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली या विचाराला गणिताची बैठक दिली. माहिती स्वतंत्र तक्त्यांत ठेवावी आणि गरज पडेल तेव्हा दोन्हीकडे समान असलेल्या मूल्याच्या आधारे ती जोडून घ्यावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी जी भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. तक्ते जोडण्याच्या क्रियेला या भाषेत 'जॉइन' म्हणतात.

जोडायचे कशाच्या आधारे, हा पहिला प्रश्न. नावाच्या आधारे, हे सहज सुचणारे उत्तर आपल्या शाळेत तरी टिकत नाही. सिद्धार्थ, गौतम, राहुल ही नावे आणि कांबळे, गायकवाड ही आडनावे आपल्याकडे प्रत्येक तुकडीत सापडतात. एका वहीत 'भीमराव' तर दुसरीत 'भिमराव'. वाचणाऱ्याला तो एकच माणूस वाटतो, संगणकाला दोन. लग्नानंतर मुलींची आडनावे बदलली, ते वेगळेच. म्हणून आधार घेतला तो जनरल रजिस्टरच्या क्रमांकाचा. तो एका विद्यार्थ्याला एकदाच मिळतो. पत्त्यांच्या वहीत मात्र त्याचा रकानाच नव्हता. जुन्या दाखल्यांवरून एकेक क्रमांक हाताने भरावा लागला, आणि सर्वाधिक वेळ खर्च झाला तो याच कामात.

आता मूळ चुकीकडे येतो. समजा, रजिस्टरमध्ये पाच विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी तिघांचेच पत्ते मंडळाच्या वहीत आहेत. मी वापरला तो 'इनर जॉइन'. दोन्ही तक्त्यांत ज्यांचा क्रमांक जुळतो, तेवढ्याच ओळी तो देतो. उत्तरात तीन नावे येतात, उरलेली दोन निमूटपणे गळतात. आज्ञा व्याकरणदृष्ट्या बिनचूक असल्याने इशारा कसलाच येत नाही.

गळले कोण, हे पाहण्यासारखे आहे. मंडळाच्या वहीत पत्ता असतो तो सभासद झालेल्यांचा, म्हणजे बहुतेक शिक्षण पुरे करून नोकरीला लागलेल्यांचा. ज्याची शाळाच सुटली, त्याचा पत्ता तिथे येणार कुठून? ही गळती यदृच्छेने होत नव्हती. जे आधीच मागे राहिले होते, नेमके तेच तिच्यात सापडत होते.

उपाय होता 'लेफ्ट जॉइन'. संगणकाला इंग्रजीत दिलेली ती आज्ञा देवनागरीत लिहिली तर अशी दिसेल : सिलेक्ट विद्यार्थी.नाव, पत्ते.गाव फ्रॉम विद्यार्थी लेफ्ट जॉइन पत्ते ऑन विद्यार्थी.क्रमांक = पत्ते.क्रमांक. डावीकडचा, म्हणजे आधी उल्लेखलेला तक्ता पूर्ण राहतो. ज्याचा पत्ता नाही त्याचेही नाव येते आणि गावाच्या जागी 'नल' येतो. नल म्हणजे शून्य नव्हे किंवा कोरा शब्दही नव्हे. 'येथे मूल्य उपलब्ध नाही' एवढीच ती खूण.

एवढे करूनही मी पुन्हा फसलो. पडताळलेलेच पत्ते छापावेत म्हणून आज्ञेच्या शेवटी 'व्हेअर' लिहून तशी अट घातली आणि तीच मुले पुन्हा नाहीशी झाली. नलची तुलना कशाशीही केली, तरी उत्तर 'होय' येत नाही, 'नाही'ही येत नाही. ते अज्ञात राहते, आणि 'व्हेअर' तर 'होय' आलेल्या ओळीच ठेवतो. म्हणजे लेफ्ट जॉइन नावापुरता उरला आणि फळ इनर जॉइनचेच मिळाले. अट 'ऑन'च्या पुढे, जोडणीच्याच भागात हलवली, तेव्हा नावे परतली.

उलट दिशेची एक गफलतही होते. गावचा आणि मुंबईचा असे दोन पत्ते दिलेली व्यक्ती जोडणीनंतर दोनदा येते आणि एकूण संख्या फुगते. म्हणून मोजणी ओळींची न करता वेगवेगळ्या रजिस्टर क्रमांकांची करावी.

याच लेफ्ट जॉइनमधून पत्ता नल असलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढल्या की संपर्क तुटलेल्यांची यादी हाती येते. तशी ती काढून प्रत्येक तुकडीच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे दिली आहे. छापील यादीत काही नावांपुढे जागा कोरी दिसेल, ती मुद्रणदोष समजू नये. अशा एखाद्या सोबत्याचा ठावठिकाणा कोणास माहीत असेल, तर त्याने शाळेच्या कार्यालयात कळवावा, आणि शक्य असल्यास शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांकही सोबत लिहावा. एकाच तुकडीतील दोन गौतम गायकवाड त्याखेरीज वेगळे ओळखता येत नाहीत.