खेळाच्या संगणकाचा ताप आणि पंख्याची गति

वैशाख महिन्यांत वऱ्हाडांतील दुपार कशी असते, हें वाशीम, कारंजा किंवा रिसोड येथील रहिवाशांस सांगावयास नको. पारा ४० अंशांच्या वर चढतो, रस्ते ओस पडतात, आणि शाळांना सुटी असल्यामुळें मुलें घरांत बसून संगणकावरील खेळांत रमतात. हिवाळ्यांत तासन्‌तास सुरळीत चालणारा तोच खेळ या दिवसांत अडखळूं लागतो. चित्रें थबकतात आणि कॅबिनेटांतील पंखे जात्याप्रमाणें घरघर करूं लागतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, यंत्र बिघडलें. मुलगा म्हणतो, नवें ग्राफिक्स कार्ड हवें. ज्या घरीं याच संगणकावर लग्नांच्या व्हिडिओंचें संपादन करून कोणी चार पैसे मिळवितो, तेथें तर ऐन लग्नसराईंत हा पोटाचा प्रश्न होतो. परंतु पुष्कळ वेळां यंत्र बिघडलेलें नसतें आणि नव्या कार्डाचीही गरज नसते. हा खर्च टाळावयाचा, तर कार्डाची उष्णता येते कोठून व जाते कोठें, हें समजून घेतलें पाहिजे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग गणित करून ठरविणारा संगणकाचा भाग. साध्या फुल एचडी पडद्यावर असे २० लाखांहून अधिक बिंदू असतात, आणि खेळांत तें सर्व चित्र सेकंदाला सामान्यतः ६० वेळां नव्यानें रेखाटावें लागतें. या कामीं लागणारी जवळजवळ सर्व वीज शेवटीं उष्णतेंत रूपांतर पावते. २०२१ सालीं बाजारांत आलेलें आरटीएक्स ३०६० हें कार्ड १७० वॅटपर्यंत वीज घेतें; २०२२ सालचें आरटीएक्स ४०९० तर ४५० वॅटपर्यंत. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगांतून सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर पडते, हें लक्षांत घेतलें म्हणजे लहानशा खोलींत या पाहुण्याचा ताप किती, हें कळून येईल.

ही उष्णता घालविण्यासाठीं कार्डावर धातूच्या पातळ पत्र्यांचा हीटसिंक व त्यावर पंखे बसविलेले असतात. पण पंखा उष्णता नाहींशी करीत नाहीं. तो ती एका जागेवरून दुसऱ्या जागीं नेतो, इतकेंच. खोलींतील हवेपेक्षां कार्डास अधिक थंड करणें त्याला कधींच शक्य नाहीं. समजा, जानेवारींत खोलींतील हवा २० अंश आहे आणि खेळ चालू असतांना कार्ड ६५ अंशांवर स्थिरावतें. म्हणजे फरक ४५ अंशांचा. वैशाखांत खोली ४० अंशांवर गेली, तर तोच खेळ आणि पंख्याची तीच गति असतां कार्ड ८५ अंशांच्या घरांत जाईल. आरटीएक्स ३०६० ची कमाल मर्यादा ९३ अंश आहे. ती गांठण्याच्या आधींपासूनच कार्ड स्वतःचा वेग उतरवूं लागतें. खेळ अडखळतो, तो पुष्कळदां यामुळेंच. तो बिघाड नव्हे. ती कार्डाची स्वतःस वाचविण्याची युक्ति होय.

मग पंखा सदैव पूर्ण वेगानें फिरवावा, असें कोणासही वाटेल. पण पंख्याची गति दुप्पट केली, तर हवा दुप्पट मिळते आणि त्यासाठीं वीज मात्र आठपट लागते; आवाज असह्य होतो व पंख्याचें बेअरिंगही लवकर झिजतें. म्हणून तपमानाबरोबर गति हळूहळू वाढविणारा आलेख, म्हणजे फॅन कर्व्ह, आखणें उत्तम. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रामनें तो आखतां येतो. ५० अंशांस ३० टक्के, ७० अंशांस ६० टक्के आणि ८० अंशांस ८५ टक्के, असा आरंभ करण्यास हरकत नाहीं. चढण सलग असावी. पायऱ्या ठेवल्यास पंखा घटकेंत ओरडतो व घटकेंत थांबतो.

पंख्याइतकाच हवेचा मार्ग महत्त्वाचा आहे. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यांत कोंबलें, तर तीच तापलेली हवा फिरून फिरून आंत येते. भिंतीपासून तें निदान वीतभर दूर असावें. हवा पुढून आंत यावी व मागून किंवा वरून बाहेर जावी. काळ्या मातीची धूळ आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतील भुसा हे हीटसिंकच्या फटी बुजवितात. संगणक बंद करून व विजेची पिन काढून मऊ ब्रशानें ती धूळ झाडावी. ब्लोअर वापरतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं.

वऱ्हाडांत पूर्वीं दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडीत. आजचा कूलर त्याच तत्त्वावर चालतो. वैशाखांतील हवा कोरडी असल्यामुळें त्यानें खोली कांहीं अंशांनीं सहज उतरते, आणि जवळजवळ तितकेंच कार्डही उतरतें. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नसावा. त्यांतील तुषार व पाण्यांतील क्षार विद्युत्‌यंत्रांस घातक होत.

याखेरीज एक बिनखर्ची उपाय आहे. त्याच प्रोग्रामांत कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणली, तर १७० वॅटचें कार्ड १३६ वॅटांत काम करतें. उष्णता कमी झाल्यानें ४५ अंशांचा फरक सुमारें ३६ वर येतो. म्हणजे ४० अंशांच्या खोलींतही कार्ड ८५ ऐवजीं ७६ अंशांच्या आसपास राहतें. वेग त्या मानानें थोडाच घटतो, कारण शेवटचा थोडासा वेग मिळविण्यासच सर्वांत अधिक वीज खर्ची पडते.

तात्पर्य, नुसत्या कार्डाच्या तपमानावरून निदान करूं नये. खोलीचें व कार्डाचें तपमान एकाच वेळीं वहींत टिपून दोहोंतील फरक काढावा. खेळ आणि पंख्याची गति तीच असतां फरक पूर्वींइतकाच असेल, तर दोष ऋतूचा आहे, आणि मृगाच्या सरी येतांच तो आपोआप कमी होईल. फरक ४५ वरून ५५ झाला असेल, तर आधीं धूळ पाहावी, मग कॅबिनेटची जागा आणि नंतर चिपवरील वाळलेली थर्मल पेस्ट. एवढें करून मगच नव्या कार्डाची गोष्ट काढावी.